गणपतीच्या सुट्टीनंतर डेस्कटॉपचे पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही. मदरबोर्ड गेला असे समजावे का?

अक्षरजुळणी (विचारणा)

नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमचे अक्षरजुळणीचे आणि छपाईचे छोटे दुकान आहे. लग्नपत्रिका, ग्रामपंचायतींचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका अशी सगळी कामे एकाच डेस्कटॉपवर होतात. त्यात इंटेलचा कोअर आय३-८१०० प्रोसेसर, एच३१० चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर४ प्रकारच्या चार-चार जीबीच्या दोन रॅम, ४५० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि २४० जीबीची साटा जोडणीची एसएसडी आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. विंडोज १० आहे, परंतु ते या यंत्रावर नव्याने बसवलेले नाही. आधीच्या संगणकाच्या हार्ड डिस्कची जशीच्या तशी प्रत एसएसडीवर उतरवून घेतली होती, कारण पेजमेकर (पाने मांडण्याचे सॉफ्टवेअर), जुने मराठी फॉन्ट आणि त्यांची टंकलेखनाची मांडणी हे सारे त्यात बसवलेले होते आणि त्यांच्या मूळ सीडी आता आमच्याकडे नाहीत.

गणपतीत दुकान आठवडाभर बंद होते आणि विजांच्या भीतीने मेन स्विचही बंद केलेला होता. सुट्टीनंतर संगणक सुरू केला तेव्हा कॅबिनेटचा दिवा लागला, प्रोसेसरवरचा आणि एसएमपीएसचा पंखा फिरू लागला, पण मॉनिटरवर सिग्नल नसल्याचीच सूचना राहिली. पंखे बंद पडत नाहीत, फिरतच राहतात. बीप ऐकू येत नाही. कीबोर्डवरचे नम लॉक दाबले तर त्याचा दिवा लागत नाही. तोच मॉनिटर त्याच केबलने लॅपटॉपला जोडला असता व्यवस्थित चालतो.

आणखी दोन गोष्टी सांगून ठेवतो, त्यांचा संबंध असेल-नसेल. उन्हाळ्यात बराच वेळ लाइट जाऊन आली की संगणकाची तारीख मागे गेलेली दिसायची. ती दुरुस्त केली की पुढे काम चालायचे. दुसरे असे की, हल्ली कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की बोटांना बारीक झिणझिण्या येतात.

येथील दुरुस्तीवाल्याने यंत्र पाहून मदरबोर्ड गेल्याचे सांगितले. या पिढीचा नवा बोर्ड सहज मिळत नाही, म्हणून बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम तिन्ही बदलून एसएसडी फॉरमॅट करावी आणि विंडोज नव्याने टाकावे असा त्याचा सल्ला आहे. दोन दिवाळी अंकांचे काम निम्म्यावर आले आहे आणि गेल्या काही आठवड्यांच्या फायलींची दुसरी प्रत नाही. खर्चापेक्षा त्या फायली आणि ते जुने सॉफ्टवेअर जाण्याची धास्ती अधिक आहे. बोर्ड खरोखरच गेला आहे की नाही, हे दुकानातल्या दुकानात कसे तपासता येईल?

जुनेयंत्र (उत्तर)

आपण वर्णन नेमके केले आहे, त्यामुळे बरेच काही दुरूनही सांगता येते. सर्वप्रथम, एसएसडी फॉरमॅट करू देऊ नका. बटण दाबल्यापासून विंडोज दिसेपर्यंत संगणक एका ठरलेल्या क्रमाने पुढे जातो आणि आपला संगणक एसएसडी वाचण्याची पाळी येण्याच्या पुष्कळ आधी अडलेला आहे. त्यामुळे विंडोज बिघडले आहे असे म्हणायला आज कसलाही आधार नाही, आणि ते नव्याने टाकल्याने डिस्प्ले येणारही नाही. दिवाळी अंकांच्या फायली होत्या तेथेच आहेत, असे धरून चालावे.

तो क्रम थोडक्यात असा. बटण दाबले की मदरबोर्ड एसएमपीएसला जागे करतो. १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे पुरवठे स्थिर झाले की एसएमपीएस करड्या रंगाच्या तारेवरून बोर्डाला तसे कळवतो. एटीएक्स मानकानुसार यासाठी १०० ते ५०० मिलिसेकंद दिलेले आहेत. त्यानंतर प्रोसेसर बायोसमधील (बोर्डावरच्या चिपमध्ये साठवलेल्या, संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममधील) सूचना पाळू लागतो आणि सुरुवातीच्या कामांतच रॅम शोधून ती वापरण्याजोगी करतो. डिस्प्ले, कीबोर्ड आणि डिस्क यांचा क्रमांक त्यानंतर लागतो. आपल्याकडे वेगळे ग्राफिक्स कार्ड नसल्यामुळे प्रोसेसरमधले ग्राफिक्स स्वतःच्या कामासाठी हीच रॅम वापरते, तेव्हा रॅम तयार झाल्यावाचून पडद्यावर अक्षरही उमटणार नाही. पंखे फिरतात यावरून १२ व्होल्टचा पुरवठा मिळतो एवढेच कळते. प्रोसेसर कामाला लागला की नाही, ते पंख्यावरून ठरत नाही. नम लॉकचा दिवा मात्र उपयोगी खूण आहे. तो दाबल्यावर लागत-विझत असता, तर संगणक आतून सुरू झाला आहे आणि फक्त चित्र बाहेर येत नाही असे म्हणता आले असते. आपल्याकडे तो लागत नाही, म्हणजे संगणक रॅमच्या टप्प्यावर किंवा त्याआधीच थांबला आहे.

आता सुट्टीचा मुद्दा. रोज चालणारे यंत्र आतून उबदार राहते आणि त्यामुळे बऱ्यापैकी कोरडेही राहते. कोकणातल्या भाद्रपदात तेच यंत्र आठवडाभर थंड पडून राहिले, तर रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर आणि स्लॉटच्या बारीक पात्यांवर ओलसर धुळीचा थर बसतो. डीडीआर४ रॅमला २८८ संपर्कबिंदू असतात आणि त्यातल्या एखाद्याच महत्त्वाच्या बिंदूचा संपर्क सुटला तरी बायोस पुढे सरकत नाही. पावसाळ्यात दुरुस्तीला येणाऱ्या ‘डिस्प्ले येत नाही’ अशा यंत्रांमध्ये मला हे कारण सर्वाधिक आढळते. म्हणून बोर्डाला दोष देण्याआधी रॅम पाहावी.

एक छोटा बझर मिळवा. संगणकाच्या सुट्या भागांच्या दुकानात तो किरकोळ किमतीत मिळतो आणि मदरबोर्डावर ‘स्पीकर’ असे लिहिलेल्या पिनांवर बसतो. आपल्याला बीप ऐकू येत नाही याचे कारण बहुधा हेच, की आताच्या कॅबिनेटमध्ये बझर दिलेलाच नसतो. बझर लावल्यावर वीजपुरवठ्याची केबल काढा, कॅबिनेटचे बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज निघून जाईल, आणि दोन्ही रॅम बाहेर काढा. मग केबल लावून, रॅम नसतानाच संगणक सुरू करा. बझर लांब बीप देऊ लागला, तर प्रोसेसर चालू आहे, बायोस वाचला जात आहे आणि रॅम सापडत नसल्याची तक्रार बोर्ड स्वतःच करत आहे, असा अर्थ होतो. अशा वेळी ‘बोर्ड गेला’ हे निदान मागे घ्यावे लागते. काहीच आवाज आला नाही तर प्रोसेसरजवळ लागणारी चार किंवा आठ पिनांची स्वतंत्र जोडणी नीट बसली आहे का ते पाहा. ती सैल असली तरी पंखे फिरतात आणि प्रोसेसर मात्र उपाशी राहतो.

बीप आल्यास रॅमच्या पट्ट्या स्वच्छ करून एकच रॅम एका स्लॉटमध्ये बसवा. दोन्ही बाजूंनी सारखा दाब द्यावा आणि खटका बसल्याची खात्री करावी. रॅमची रचना बदलल्यानंतर पहिल्यांदा डिस्प्ले यायला नेहमीपेक्षा अधिक वेळ लागू शकतो, तेव्हा मिनिटभर थांबल्याशिवाय बटण पुन्हा दाबू नये. दोन रॅम आणि दोन स्लॉट यांच्या सर्व जोड्या तपासल्या की दोष रॅममध्ये आहे की स्लॉटमध्ये, ते आपोआप वेगळे होते. हे करताना कीबोर्ड आणि मॉनिटर यांखेरीज प्रिंटर, पेन ड्राइव्ह, डोंगल असे काहीही जोडलेले नसावे.

तारीख मागे जाते याचा अर्थ बोर्डावरची बटणासारखी बॅटरी संपत आली आहे. तिचा क्रमांक सीआर२०३२ आहे. कॅबिनेट उघडलेच आहे तर ती बदलूनच टाका.

ओहमचा नियम (उत्तर)

जुनेयंत्र यांच्या क्रमाशी मी पूर्ण सहमत आहे. रॅम स्वच्छ कशाने करावी हे मात्र स्पष्ट लिहायला हवे, कारण आपल्याकडे पहिला हात खोडरबराकडे जातो. या पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा अत्यंत पातळ असतो. खरखरीत रबराने जोर लावून घासल्यास तो निघतो आणि खालचा धातू उघडा पडला की पुढच्या पावसाळ्यात तोच त्रास वाढून परत येतो. शिवाय रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडतो तो वेगळाच. औषधाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळते. धागे न सुटणाऱ्या कापडाला ते लावून पट्ट्या हळुवार पुसाव्यात आणि पूर्ण वाळू द्याव्यात. ते मिळालेच नाही, तर मऊ पांढरे रबर बोर्डापासून लांब, हलक्या हाताने फिरवले तर चालेल. स्लॉट मऊ कोरड्या ब्रशने झाडावा. त्यात कापड किंवा टाचणी घालू नये.

एसएमपीएसबद्दल. मल्टीमीटर असेल तर संगणक सुरू असताना काळी तार आणि पिवळी तार यांच्यामध्ये ११.४ ते १२.६, लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगी तारेवर ३.१४ ते ३.४६ व्होल्ट मिळायला हवेत. जांभळ्या तारेवर संगणक बंद असतानाही ५ व्होल्ट असतातच, फक्त केबल जोडलेली आणि स्विच चालू हवा. करड्या तारेवर ५ व्होल्टच्या आसपास दाब दिसत नसेल, तर पंखे कितीही जोरात फिरले तरी प्रोसेसर कामाला लागणार नाही, आणि मग दोष प्रथम एसएमपीएसमध्ये शोधावा. त्याचे झाकण मात्र उघडू नये. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर त्यातला मोठा कपॅसिटर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत भारित होतो आणि केबल काढल्यानंतरही काही काळ तसाच राहू शकतो. आमच्याकडे पावसाळ्यात एसएमपीएसमध्ये पाल शिरून जळालेली यंत्रेही येतात. तेव्हा जाळीतून टॉर्च मारून आत पाहावे, हात घालू नये.

झिणझिण्यांकडे कृपया दुर्लक्ष करू नका. एसएमपीएसच्या प्रवेशावर गोंगाट गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग ठीक असेल तर त्यांतून येणारा सूक्ष्म प्रवाह जमिनीत निघून जातो. अर्थिंग तुटलेले असेल तर पत्र्यावर साधारण निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या घरातला दाब दिसतो आणि टेस्टरचा दिवाही लागतो. प्रवाह अगदी थोडा असल्याने एरवी केवळ मुंग्या आल्यासारखे वाटते, परंतु अर्थिंग नसलेल्या जागी एखादी फेजची तार पत्र्याला टेकली, तर जिवावर बेतू शकते. छपाईच्या दुकानात लॅमिनेटर, कटिंग मशीन अशी इतर यंत्रेही त्याच जोडणीवर असतील. संगणक दुरुस्त होवो न होवो, वायरमनला बोलावून सॉकेटच्या तिसऱ्या पिनेपासून अर्थच्या खड्ड्यापर्यंतची तार तपासून घ्या.

प्रतीवर प्रत (उत्तर)

फायलींची निकड असेल तर दुरुस्तीची वाट पाहण्याचे कारण नाही. एसएसडी काढून साटा-यूएसबी जोडणीने कोणत्याही लॅपटॉपला लावा आणि दिवाळी अंकांचे फोल्डर उतरवून घ्या. फॉन्टचे फोल्डरही घ्यावे, कारण त्या फॉन्टशिवाय त्या फायली उघडल्या तरी वाचता येणार नाहीत. जोडल्यानंतर लॅपटॉपने डिस्क ‘इनिशियलाइझ’ किंवा ‘फॉरमॅट’ करायची का असे विचारले, तर दोन्हींना नकार द्या आणि येथे लिहा.

अक्षरजुळणी

सर्वांचे मनापासून आभार. आधी एसएसडी लॅपटॉपला लावून फायली आणि फॉन्ट उतरवून घेतले; सर्व काही शाबूत आहे. मग बझर लावून रॅमशिवाय संगणक सुरू केला, तर लांब बीप एकामागून एक येऊ लागले. रॅम उजेडात धरून पाहिल्या तेव्हा एकीच्या पट्ट्यांवर, खाचेजवळच्या भागात, फिकट तपकिरी डाग दिसत होते. दुसरी नुसतीच निस्तेज झाली होती. दोन्ही अल्कोहोलने पुसून, वाळवून, एकेक करून बसवल्या. दोन्ही रॅम दोन्ही स्लॉटमध्ये चालतात. मल्टीमीटर शेजारच्या वायरमनकडून घेतला होता. सगळे आकडे आपण दिलेल्या मर्यादेत आहेत. बॅटरीवर २.१ व्होल्ट मिळाले, म्हणून ती बदलली.

डिस्प्ले आला, बायोसमध्ये जाऊन तारीख-वेळ भरली आणि बाहेर पडलो. आता मात्र काळ्या पडद्यावर ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ हा संदेश येतो आणि पुढे काही होत नाही. बायोसच्या पहिल्या पानावर एसएसडीचे नाव दिसते, पण बूटच्या यादीत ते नाही. दुरुस्तीवाल्याचे म्हणणे आहे की विंडोज उडाले असून आता तरी फॉरमॅट करावेच लागेल.

जुनेयंत्र

फॉरमॅट आताही करायचे नाही. बोर्डाला एसएसडी दिसते आणि लॅपटॉपवर तिच्यातल्या फायली उघडल्या, म्हणजे ती निरोगी आहे. हा प्रश्न बायोसच्या सेटिंगचा आहे आणि त्याचे मूळ त्या संपलेल्या बॅटरीत आहे.

संगणक बंद असला तरी सॉकेट चालू असेपर्यंत जांभळ्या तारेवरचे ५ व्होल्ट बोर्डाला मिळत राहतात आणि घड्याळ व सेटिंग त्यावर टिकते. त्यामुळे बॅटरी संपत आली तरी रोजच्या वापरात ते ध्यानात येत नाही. लाइट दीर्घकाळ गेली की तारीख मागे जायची ती यामुळेच. उन्हाळ्यात बॅटरीत थोडा जीव होता. गणपतीत मात्र मेन स्विच आठवडाभर बंद राहिला आणि सर्व सेटिंग पुसली जाऊन बोर्ड कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर गेला. आठवड्यानंतर आपल्यासमोर एकाच वेळी दोन स्वतंत्र बिघाड उभे होते आणि पहिल्याने दुसरा झाकून ठेवला होता.

आपले विंडोज जुन्या हार्ड डिस्कवरून प्रत करून आणलेले आहे. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे ती डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीने विभागलेली असणार आणि ती सुरू व्हायला जुनी, लेगसी म्हणतात ती बूट पद्धत लागते. नवे बोर्ड मुळात यूईएफआय या नव्या बूट पद्धतीने चालतात आणि लेगसीसाठी त्यांच्यात सीएसएम नावाची सोय असते. अनेक बोर्डांच्या मूळ सेटिंगमध्ये ती बंद असते. एसएसडी बसवताना कोणीतरी ती चालू केली असेल. सेटिंग पुसली गेल्यावर ती पुन्हा बंद झाली. एसएसडी सापडते, पण तिच्यावर यूईएफआयला हवी असलेली बूट फाइल नसते, म्हणून बूटच्या यादीत तिचे नाव येत नाही.

सुरू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये जा, बूटच्या पानावर सीएसएम ‘एनेबल्ड’ करा आणि साठवणीच्या साधनांसाठी लेगसीचा पर्याय निवडा. सिक्युअर बूट (फक्त मान्य सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर सीएसएमचा पर्याय दिसतच नाही किंवा बदलता येत नाही. तसे असल्यास आधी सिक्युअर बूट बंद करा. एफ१० दाबून सेटिंग साठवा, पुन्हा बायोसमध्ये या आणि आता यादीत दिसणारी एसएसडी पहिल्या क्रमांकावर ठेवा. साटाची पद्धत (बोर्ड एसएसडीशी ज्या रीतीने बोलतो ती) एएचसीआय असेल तर तिला हात लावू नका. विंडोजच्या सीडीवरून दुरुस्तीचे उपाय या टप्प्यावर मुळीच करू नयेत, कारण बूटची रचना आज शाबूत आहे आणि चुकीच्या पद्धतीत सुरू केलेली दुरुस्ती ती बिघडवू शकते.

अक्षरजुळणी

विंडोज सुरू झाले. सिक्युअर बूट बंदच होते. सीएसएमचा पर्याय बूटच्या पानावर तळाशी होता आणि तो चालू केल्यावर एसएसडीचे नाव यादीत आले. पेजमेकर, फॉन्ट आणि दोन्ही दिवाळी अंक जसेच्या तसे आहेत. सॉकेटच्या तिसऱ्या पिनेची तार मीटरच्या फळीमागे गंजून तुटलेली निघाली; ती बदलल्यावर झिणझिण्या थांबल्या. दिवाळीनंतर यंत्र याच अवस्थेत ठेवावे की यूईएफआय पद्धतीवर न्यावे, याबद्दल सल्ला हवा आहे.

प्रतीवर प्रत

अंक छापखान्यातून बाहेर पडेपर्यंत काहीही बदलू नका. त्यानंतर मात्र बदल करणे शहाणपणाचे आहे, कारण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा थांबवला आहे आणि विंडोज ११ ला यूईएफआय लागते. आपला आय३-८१०० विंडोज ११ च्या मान्य प्रोसेसरांच्या यादीत आहे आणि टीपीएमची (सुरक्षा चिपची) गरज बायोसमधील पीटीटी हा पर्याय चालू करून भागते. जुने पेजमेकर आणि ते फॉन्ट त्यावर नीट चालतात की नाही, हे आधी एसएसडीच्या प्रतीवर तपासून घ्यावे. न चालल्यास हे यंत्र इंटरनेटपासून तोडून केवळ जुन्या कामांसाठी ठेवणे मी पसंत करेन.

रूपांतरासाठी विंडोज १० मध्येच एमबीआर-टू-जीपीटी (जीपीटी ही यूईएफआयला लागणारी विभागणी) हे साधन २०१७ पासून दिलेले आहे आणि ते फायली न पुसता डिस्कची विभागणी बदलते. डिस्कवर तीनपेक्षा अधिक प्रायमरी विभाग असल्यास ते काम करत नाही, म्हणून डिस्क मॅनेजमेंटमध्ये आधी विभाग मोजावेत. संपूर्ण एसएसडीची प्रत दुसऱ्या एसएसडीवर घ्यावी, त्या प्रतीवरून संगणक सुरू होतो याची खात्री करावी, आणि मूळ एसएसडी बाजूला काढून ठेवून रूपांतर प्रतीवरच करावे. सीएसएम बंद करण्याची पाळी रूपांतर यशस्वी झाल्याचा संदेश आल्यानंतर येते, त्याआधी नाही.